नाव बुडाले, रक्त उरले

१८८३ सालच्या वसंतात न्यूमार्केटला ‘टू थाउजंड गिनीज’ ही इंग्लंडमधली मोठी शर्यत सुटायला थोडाच वेळ उरला होता. जॉकी क्लबच्या भोजनगृहाच्या पायऱ्यांवर प्रिन्स बाथ्यानी कोसळले आणि तिथेच गेले. हे हंगेरियन उमराव आयुष्याचा बराच काळ इंग्लंडमध्ये राहिले होते. त्यांचे हृदय आधीपासून कमकुवत होते. त्यात त्या दिवशी धावणारा गॅलियार्ड हा त्यांच्या लाडक्या गॅलोपिनचा मुलगा. गॅलोपिनने १८७५ साली त्यांना एप्समची डर्बी जिंकून दिली होती आणि त्या घोड्यावर त्यांचा पोटच्या पोरासारखा जीव होता. पुढे थोड्याच वेळात गॅलियार्डने शर्यत जिंकली. ती पाहायला बाथ्यानी नव्हते.

त्यांच्या तबेल्यात त्या वेळी दोन वर्षांचे एक शिंगरू होते. बाप गॅलोपिन, आई सेंट अँजेला. तोवर या घोडीच्या पोटी नाव घेण्याजोगे काही जन्मले नव्हते, त्यामुळे या पोराकडूनही कुणाला फारशी आशा नव्हती. नाव होते सेंट सायमन.

त्या काळचा एक नियम इथे आडवा आला. इंग्लंडमध्ये तीन वर्षांच्या घोड्यांसाठी पाच ‘क्लासिक’ शर्यती असतात. टू थाउजंड गिनीज, डर्बी आणि सेंट लेजर या तिन्ही जिंकणाऱ्याला ‘ट्रिपल क्राउन’ मिळाला असे म्हणतात. वन थाउजंड गिनीज आणि ओक्स या दोन फक्त घोड्यांच्या, म्हणजे माद्यांच्या. प्रत्येक जनावराला या शर्यतींची संधी आयुष्यात एकदाच मिळते आणि त्यांची नोंदणी तेव्हा फार आधी करावी लागे. ज्याने नोंदणी केली तो मालक मेला तर नोंदणीही त्याच्याबरोबर रद्द व्हायची. बाथ्यानी गेले आणि सेंट सायमनची टू थाउजंड गिनीजची नोंद पुसली गेली. बाकीच्या क्लासिकमध्ये त्याचे नाव नव्हतेच. हा नियम बदलायला पुढे १९२९ साल उजाडावे लागले. रहस्यकथांचे प्रसिद्ध लेखक एडगर वॉलेस घोड्यांचे मालकही होते, त्यांच्या नावाने चाललेल्या खटल्यातून तो प्रश्न सुटला. सेंट सायमनला त्याचा काय उपयोग?

जुलैमध्ये बाथ्यानींचे घोडे न्यूमार्केटला लिलावात निघाले. पंचविशीतले पोर्टलंडचे ड्यूक आपले ट्रेनर मॅथ्यू डॉसन यांना घेऊन तिथे आले होते. डॉसन हे मुरलेले स्कॉटिश गृहस्थ. त्यांचा डोळा खरे तर गॅलोपिनच्याच दुसऱ्या एका पोरावर होता. सेंट सायमन दिसायला गुबगुबीत आणि सुस्त होता, अंगाला मेहनत नव्हती. सांगतात, की त्याच्या मागच्या पायांच्या सांध्यांना पांढरे औषध फासलेले पाहून जॉन पोर्टर या नामांकित ट्रेनरने पाय अधू असावेत असे समजून माघार घेतली. पोर्टलंडनी त्याला १,६०० गिनींना घेतले. गिनी म्हणजे एक पाउंड आणि वर एक शिलिंग. क्लासिकमध्ये धावू न शकणाऱ्या घोड्यासाठी ही रक्कम कमी नव्हती. पण पुढे जे झाले ते पाहता ब्रिटिश शर्यतींच्या इतिहासात यापेक्षा स्वस्त सौदा शोधून सापडणार नाही, असे मला वाटते.

खरेदीनंतर महिन्याच्या आत तो गुडवुडला धावला आणि सहा लांबींनी जिंकला. दुसऱ्याच दिवशी पुन्हा धावला, पुन्हा जिंकला. डॉनकॅस्टरला पाठीवर भारी वजन असताना त्याने आठ लांबींनी बाजी मारली. शर्यतीच्या जगात अंतर घोड्याच्या अंगलांबीने मोजतात, नाकापासून शेपटीपर्यंत एक लांबी. एका लांबीचा विजयही स्पष्ट धरतात, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचा अर्थ कळतो. त्या वर्षाच्या अखेरीस ‘ड्यूक ऑफ रिचमंड’ नावाच्या नावाजलेल्या घोड्याशी त्याची एकास एक अशी लढत ठरली. सुटल्यासुटल्या सेंट सायमन इतका पुढे गेला, की शेवटी जॉकीने लगाम खेचून त्याला हळू केले. निकालात फरक एका लांबीहूनही कमी दिसतो, पण पाहणाऱ्यांची खात्री पटली होती.

जॉकी होता फ्रेड आर्चर, त्या पिढीतला सर्वांत मोठा स्वार. त्याची एक हकीगत न्यूमार्केटमध्ये पुढे वर्षानुवर्षे सांगितली गेली. एका सकाळी सरावात सेंट सायमन आळसावल्यासारखा वाटला, म्हणून आर्चरने त्याला टाचेचा काटा टोचला. घोडा असा उधळला, की मैदानावर सराव करणाऱ्या इतर घोड्यांच्या रांगा फोडत थेट गावाच्या वेशीपाशी जाऊन थांबला. उतरल्यावर आर्चरने कानाला खडा लावला. हा घोडा नव्हे, वाफेचे इंजिन आहे, या जनावराला मी पुन्हा काटा लावणार नाही, असे तो म्हणाल्याचे सांगतात. डॉसन यांनी सेंट सायमनच्या अंगात वीज असल्याचे म्हणून ठेवले आहे. डर्बी जिंकणारे अनेक घोडे त्यांच्या हाताखालून गेले होते. तरी खरोखरचा थोर घोडा आपण एकच सांभाळला, आणि तो सेंट सायमन, असे ते शेवटपर्यंत म्हणत.

१८८४ साली तो तीन वर्षांचा झाला. त्याच्या वयाचे घोडे डर्बी आणि सेंट लेजर धावत होते. त्याला ती दारे बंद, म्हणून पोर्टलंडनी त्याला लांब पल्ल्याच्या ‘कप’ शर्यतींत वयाने मोठ्या घोड्यांपुढे उभे केले. आज मागे वळून पाहिले तर हीच त्याची खरी कसोटी ठरली. ॲस्कटचा गोल्ड कप अडीच मैलांचा. समोर ट्रिस्टन, त्या काळच्या सर्वोत्तम प्रौढ घोड्यांपैकी एक. वजनाच्या अटीत आर्चर बसत नव्हता, म्हणून चार्ल्स वुड स्वार झाला. सेंट सायमन वीस लांबींनी जिंकला. ट्रिस्टन काही थकलेला किंवा आजारी नव्हता. त्याच ॲस्कटच्या मेळ्यात दुसऱ्या दिवशी त्याने हार्डविक स्टेक्स जिंकली. न्यूकॅसलला जमीन कडक होती, तिथे सेंट सायमन आठ लांबींनी जिंकला, पण पायाला इजा झाली. तरी गुडवुड कपला त्याने आदल्या वर्षीच्या सेंट लेजर विजेत्या ऑसियनला वीस लांबींनी मागे टाकले. त्यानंतर पायाने साथ दिली नाही. १८८५ मध्ये त्याला मैदानात परत आणायचे प्रयत्न झाले, पण तो धावला नाही. आयुष्यात एकही शर्यत न हरता तो निवृत्त झाला.

इथवरची गोष्ट एका वेगवान घोड्याची आहे. असे घोडे प्रत्येक पिढीत दोनचार निघतात. सेंट सायमनची खरी कथा पुढे सुरू होते.

शर्यतीच्या घोड्यांची, म्हणजे थरोब्रेडची, पैदास एका साध्या गणितावर चालते. घोडी अकरा महिने गाभण असते, त्यामुळे तिला वर्षाला एकच शिंगरू होते. घोड्याकडे मात्र एका हंगामात कितीतरी घोड्या आणल्या जातात. म्हणून चांगल्या घोडीचा प्रभाव हळूहळू झिरपतो आणि चांगल्या घोड्याचा एका पिढीत देशभर पसरतो. वंशावळीच्या वहीत सगळ्यात वर बापाची ओळ असते. बापाचा बाप, त्याचा बाप, अशी ती चढत जाते, आणि बाजारात भाव याच ओळीला मिळतो.

सेंट सायमन १८८६ पासून पैदाशीला लागला आणि पुढे नॉटिंगहॅमशायरमधल्या वेलबेक ॲबी या पोर्टलंडच्या जहागिरीत राहिला. सुरुवातीला एका घोडीमागे फी होती ५० गिनी. पहिल्याच वर्षीच्या शिंगरांमध्ये मेमॉयर निघाली, जिने १८९० साली ओक्स आणि सेंट लेजर जिंकली, आणि सेमोलिना निघाली, जिने वन थाउजंड गिनीज घेतली. त्या वर्षापासून १८९६ पर्यंत सलग सात वर्षे तो ब्रिटनचा अव्वल पैदाशी घोडा राहिला, म्हणजे त्याच्या संततीने त्या-त्या वर्षी सर्वाधिक बक्षीस रक्कम कमावली. १९०० आणि १९०१ मध्ये तो मान पुन्हा त्याच्याकडे आला. फी वाढत ५०० गिनींवर गेली. पोर्टलंडची तिजोरी भरून वाहू लागली. आपल्या घोड्यांनी जिंकलेल्या बक्षिसांच्या पैशातून, पत्नीच्या आग्रहावरून, ड्यूकनी वेलबेकमध्ये गरीब वृद्धांसाठी घरे बांधली आणि त्यांना ‘द विनिंग्ज’ हेच नाव दिले.

त्याच्या मुलींमध्ये मला सर्वांत जिव्हाळ्याची वाटते ती ला फ्लेश. राजघराण्याच्या हॅम्प्टन कोर्ट पैदासकेंद्रात जन्मलेली ही घोडी बॅरन हिर्श यांनी वर्षाची असताना ५,५०० गिनींना घेतली. १८९२ साली तिने वन थाउजंड गिनीज, ओक्स आणि सेंट लेजर जिंकल्या. डर्बीत घोड्यांशी धावून ती दुसरी आली. हिर्श यांनी तिची कमाई लंडनच्या इस्पितळांना देऊन टाकली.

मग आली १८९६ ची डर्बी. पहिले दोन्ही घोडे सेंट सायमनचे मुलगे होते. युवराज एडवर्ड यांचा पर्सिमन आणि लिओपोल्ड द रॉथ्सचाइल्ड यांचा सेंट फ्रस्क्विन. शेवटच्या टप्प्यात दोघे अंगाला अंग लावून धावले आणि पर्सिमन मानेच्या अंतराने जिंकला. युवराजाचा घोडा जिंकल्यावर एप्समच्या टेकडीवर टोप्या उडाल्या. रॉबर्ट पॉल यांनी ही शर्यत हलत्या चित्रांच्या कॅमेऱ्यात टिपली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लंडनच्या नाट्यगृहांत ती पडद्यावर दाखवली. ही जून महिन्यातली गोष्ट. पुढच्याच महिन्यात, ७ जुलैला, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चित्रे दाखवली गेली आणि आपल्याकडे सिनेमा आला. त्या उन्हाळ्यात जग किती झपाट्याने बदलत होते, हे यावरून लक्षात यावे.

पर्सिमनचा सख्खा धाकटा भाऊ डायमंड ज्युबिली. त्याच्यात बापाचे सगळे गुण होते आणि सगळे दोषही. सेंट सायमन स्वतः विलक्षण तापट. त्याच्या अंगाला हात लावायचा म्हणजे मोतद्दाराच्या जिवावरची गोष्ट. त्याचा राग शांत व्हावा म्हणून ठाणात मांजर सोडून पाहिले, तर त्याने ते मारून टाकले. त्याला भीती फक्त छत्रीची वाटे, आणि सांभाळणाऱ्यांनी तेच हत्यार वापरले. डायमंड ज्युबिली तर जॉकींना चावायला धावे, लाथा झाडी. नावाजलेले स्वार त्याच्यापुढे हतबल झाले. शेवटी तबेल्यात त्याची देखभाल करणाऱ्या हर्बर्ट जोन्स या पोरालाच त्याच्यावर बसवले, कारण घोडा फक्त त्याचे ऐकत असे. या जोडीने १९०० साली टू थाउजंड गिनीज, डर्बी आणि सेंट लेजर जिंकून ट्रिपल क्राउन मिळवला. त्याच वर्षी वन थाउजंड गिनीज विनिफ्रेडाने आणि ओक्स पोर्टलंडच्या ला रोशने जिंकली. दोघीही सेंट सायमनच्या मुली. म्हणजे एका वर्षातल्या पाचही क्लासिक एकाच बापाच्या पोरांनी नेल्या. ज्याला स्वतःला एकही क्लासिक धावता आली नाही, त्याच्या दहा मुलामुलींनी मिळून १७ क्लासिक जिंकल्या.

मुलेही बापाच्या वाटेवर होती. पर्सिमन चार वेळा अव्वल पैदाशी घोडा झाला. त्याची मुलगी सेप्टर हिने १९०२ साली डर्बी सोडून उरलेल्या चारही क्लासिक जिंकल्या. सेंट फ्रस्क्विन दोन वेळा अव्वल ठरला. १९०८ च्या एप्रिलमध्ये सत्ताविसाव्या वर्षी सेंट सायमन फेरफटका मारून परतताना कोसळला आणि मेला, तेव्हा हा वंश पुढची शंभर वर्षे ब्रिटनवर राज्य करणार, याविषयी कुणाला शंका नव्हती. त्याचा सांगाडा लंडनच्या निसर्गइतिहास संग्रहालयात गेला.

आणि मग काही वर्षांतच सारे विरले. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये सेंट सायमनची बापाची ओळ जवळजवळ संपली होती. त्याच्या मुलांच्या मुलांमधून बापाच्या तोलाचा पैदाशी घोडा निघेना.

असे का झाले? काहींनी दोष तापट स्वभावाला दिला. काहींनी म्हटले, की नातवंडांत सत्त्व उरले नव्हते. मला मुख्य कारण वेगळे वाटते, आणि ते त्याच्या यशातच दडलेले होते. पंधरावीस वर्षे प्रत्येक श्रीमंत मालकाने आपली उत्तम घोडी सेंट सायमनकडे पाठवली. नंतर त्याच्या मुलांकडे पाठवली. परिणामी देशातल्या चांगल्या चांगल्या पागांमध्ये त्याच्या मुली, नाती, पुतण्या, भाच्याच उभ्या राहिल्या. लग्नाच्या मुलासाठी स्थळे पाहायला निघावे आणि गावातल्या साऱ्या मुली सगोत्र निघाव्यात, तशी त्याच्या मुलांची आणि नातवांची गत झाली. जवळच्या रक्ताचा संकर नको म्हणून मालक आपल्या घोड्या परक्या वंशाच्या घोड्यांकडे नेऊ लागले. सेंट सायमनच्या मुलामुलींना जे परके ते प्रतिस्पर्धी, आणि त्यांना या सर्वोत्तम घोड्या आयत्या मिळाल्या.

हे संकट पोर्टलंडना आधीच दिसले होते. १८९५ साली त्यांनी मेलबर्न कपचा विजेता कार्बाइन १३,००० गिनी मोजून ऑस्ट्रेलियातून वेलबेकला आणला, तो मुख्यतः सेंट सायमनच्या मुलींना जोड म्हणून. आपल्या घोड्याचे रक्त फार दाट होत चालले आहे, हे मालकालाच उमगले होते. त्यात भर पडली निर्यातीची. डायमंड ज्युबिली १९०६ साली ३०,००० गिनींना अर्जेंटिनाला गेला आणि तिथे तो अव्वल ठरला. राबेले नावाचा मुलगा फ्रान्सला गेला. त्याचा मुलगा दरबार याने १९१४ ची एप्समची डर्बी जिंकली, पण तो फ्रान्सहून आलेला घोडा होता. पर्सिमनचा मुलगा प्रिन्स पॅलेटाइन सेंट लेजर जिंकूनही परदेशी गेला. जे बियाणे घरी पेरायला जागा उरली नव्हती, ते बाहेर जोमाने रुजले.

ब्रिटनमध्ये मात्र रक्त आईच्या बाजूने उरले. ट्रिपल क्राउन जिंकणारा गेन्सबरो सेंट फ्रस्क्विनच्या मुलीच्या पोटचा. लॉर्ड डर्बी यांच्या पागेत सेंट सायमनचा चॉसर नावाचा मुलगा होता. स्वतः तो फारसा गाजला नाही, पण त्याच्या दोन मुलींनी कमाल केली. सेलीनच्या पोटी हायपीरिअन आला, आणि स्कापा फ्लोच्या पोटी फेअरवे आणि फेरोस आले. फेरोसचा मुलगा निअर्को इटलीत फेडेरिको टेझिओ यांच्याकडे जन्मला, आणि त्याची आई राबेलेची नात होती. म्हणजे निअर्कोत सेंट सायमन दोन्ही बाजूंनी येतो. आज जगात धावणाऱ्या बहुतेक थरोब्रेडच्या वंशावळीत निअर्को आहे. टेझिओंच्याच पैदाशीतून, राबेलेच्या थेट वंशात, १९५२ साली रिबो जन्मला. लहानपणी तो खुजा दिसे, म्हणून इटलीच्या क्लासिकमध्ये त्याची नोंदणीच केली नव्हती. तो सोळा शर्यती धावला आणि सोळाही जिंकला. त्यात पॅरिसच्या ‘आर्क’ या मोठ्या शर्यतीचे दोन विजय आले.

या वारशाचा एक धागा मुंबई-पुण्यापर्यंत येतो. आगाखान तिसरे, ज्यांचा पुण्यातला वाडा आपण गांधीजी आणि कस्तुरबांच्या स्थानबद्धतेमुळे ओळखतो, त्यांचे बालपण या दोन शहरांत गेले. त्यांच्या घराण्याची मुंबईत घोड्यांची मोठी पागा होती आणि शर्यतींचे वेड त्यांना इथेच लागले. १९२०च्या दशकात त्यांनी शर्यतीच्या घोड्यांची पैदास सुरू केली. त्यांच्यासाठी घोडे निवडणाऱ्या जॉर्ज लॅम्टन यांनी फ्रायर्स डॉटर नावाची एक लहानशी घोडी अवघ्या २५० गिनींना घेतली. भाव कमी होता, कारण घराणे फारसे चालत नव्हते. तिच्या वंशावळीत सेंट सायमन तीनदा होता: एकदा पर्सिमनमार्फत, एकदा विल्यम द थर्डमार्फत आणि एकदा कॉन्सर्टिना या त्याच्या मुलीमार्फत. दाट झाले म्हणून इतरांनी टाळलेले रक्त आगाखानांनी परक्या बापाशी जोडले. फ्रायर्स डॉटरला ब्लँडफर्ड या वेगळ्या वंशाच्या घोड्याकडे नेले आणि १९३२ साली बहराम जन्मला.

बहराम नऊ शर्यती धावला आणि नऊही जिंकला. १९३५ मध्ये त्याने ट्रिपल क्राउन घेतला, जो त्यानंतर पस्तीस वर्षे ब्रिटनमध्ये कुणाला जमला नाही. इंग्लंडच्या शर्यतवाल्यांनी त्याला पैदाशीसाठी देशातच ठेवायची आशा बाळगली होती, पण युद्ध सुरू झाल्यावर १९४० मध्ये आगाखानांनी तो अमेरिकेला विकला आणि टीका सोसली. अमेरिकेतून त्याला पुढे अर्जेंटिनात नेले, जिथे चार दशकांपूर्वी डायमंड ज्युबिली गेला होता, आणि १९५६ मध्ये तो तिथेच मेला.